विहिरीवरचं बोलणं

आमच्या विहिरीचं पाणी कुणी तोंडात धरलं नसतं, इतकं खारट. ते पार खोलातून वर काढायचं, कारण त्यात गॅस विरघळलेला असतो. वर आल्यावर दाब सुटला की गॅस फसफसून निघतो. टाकीत तो वेगळा करून नळाने पुढे धाडायचा, ही माझी नोकरी. पंप आणि कॉम्प्रेसर दिवसभर बोंबलत असत, म्हणून आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. बायकोकडे मीठ मागितलं तर शेजारीण घेऊन यायची!

पाणी उपसून उपसून जमीन खचायला लागली. विहिरी सिमेंटने बुजवल्या, क्वार्टर रिकामे झाले. बायको आधीच गेलेली. मुलगा म्हणाला, "बाबा, महिनाभर राहून बघा. जमलं तर कायमचे इथेच." नाही जमलं तर कुठे, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नातीने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबा, तुम्ही काय काम करायचात?" किती वर्षांनी कुणी विचारत होतं! मी सोड्याची बाटली आणून तिच्यासमोर उघडली. "बघ! अस्सा निघतो गॅस!"

पोरगी कानांवर हात ठेवून रडत आईमागे लपली.

"बाबा, जरा हळू बोलाल का? ती घाबरते," सून म्हणाली. सून गुणाची आहे, तिला नावं ठेवली तर माझी जीभ झडेल.

"हळूच बोलतोय की!" मी म्हणालो, तर पोरगी आणखी रडली.

खरंच हळू बोललं की माझं मलाच ऐकू येत नाही. आवाज निघाला की नुसते ओठ हलले, कळायला मार्ग नाही. म्हणून मी मान हलवायला लागलो. जेवताना सगळे हसले की हसायचं. कशाला हसलो ते ठाऊक नसायचं, आणि स्वतःचा भयंकर राग यायचा.

महिना संपला तेव्हा मुलगा अगदी कानाशी येऊन बसला. खुशीत होता.

"बाबा, आता कुठे जायचं नाही. आम्ही उगाच धास्तावलो होतो. किती छान रुळलात! तुम्ही घरात आहात असं वाटतसुद्धा नाही."

मला राहायचंच होतं. मी मान हलवली.