माझ्या पाठीवरचा बगळा

मी एक छोटा ट्रॅक्टर बोलतोय. छोटा म्हणजे खरोखरच छोटा. शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरशेजारी मला उभं केलंत, तर मी त्याचं पोरगं वाटेन. आज जरा मन मोकळं करतो. ऐकताना मला मत्सरी म्हणालात तरी चालेल. मी आहेच.

कारखान्यातून नव्या रंगाचा वास घेऊन बाहेर पडलो, तेव्हा वाटलं होतं, सगळं जग माझी वाट बघत असेल. विक्रेत्याच्या आवारात मात्र मला मागच्या रांगेत, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. लोक यायचे, मोठ्या ट्रॅक्टरांच्या चाकांवर थापा मारायचे आणि माझ्याकडे बघून हसून पुढे जायचे. एकानं तर विचारलं होतं, याला चावी कुठून देतात, पाठीतून का?

मग एक दिवस ती आली. सडपातळ, उन्हानं रापलेली, तळहातांना घट्टे पडलेली. मोठ्या ट्रॅक्टरांकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. सरळ माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात पसरून माझी रुंदी अजमावली. "हा बोळातून जाईल," ती म्हणाली. त्या क्षणापासून मी तिचा झालो.

सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ताईंचं काम जगावेगळं आहे. त्या झाडं हलवतात. कुणाला घर वाढवायचं असतं, कुठे रस्ता रुंद होणार असतो, आणि झाड तोडायला कुणाचा हात धजत नाही. अशा वेळी ताईंना निरोप जातो. त्या झाड मुळांसकट काढतात, मुळांभोवतीचा मातीचा गोळा ओल्या गोणपाटात बांधतात आणि दुसरीकडे नेऊन लावतात. खोदकाम त्या कुदळीनं आणि पहारीनं करायच्या. उचलायचं काम माझं. माझ्या पुढच्या, वरखाली होणाऱ्या लोखंडी बादलीत झाड ठेवलं की ताई माझ्या सीटवर बसायच्या, दोन्ही हात माझ्या स्टिअरिंगवर, नजर माझ्या बॉनेटवरून पुढे. त्या काळात आमच्या दोघांमध्ये तिसरं कुणी नव्हतं.

घरात ताईंचे यजमान आहेत. ते शिंपी. त्यांच्या शिवणकामाच्या खोलीची खिडकी माझ्या शेडमध्ये उघडते, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. यंत्रांची त्यांना भीती वाटते. माझ्याजवळून जाताना ते अंग चोरून जातात, जसा काही मी चावणार आहे.

पुढे ताईंचा खांदा दुखायला लागला. सकाळी उठून केस विंचरायचे, तर हात वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं की कुदळ सोडा. ताईंनी कुदळ सोडली, पण झाडं सोडायची त्यांची तयारी नव्हती. एका सकाळी त्या मला घेऊन पुन्हा त्या विक्रेत्याच्या आवारात गेल्या. मला वाटलं, तेल बदलायचं असेल. पण आम्ही गेलो होतो बॅकहो बघायला.

बॅकहो म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा खोदणारा हात. त्याला खांदा असतो, कोपर असतं, मनगट असतं आणि टोकाला दातांची बादली. विक्रेत्यानं दोन प्रकार दाखवले. पहिला माझ्या मागच्या तीन जोडांवर पिना घालून टांगायचा, नांगर टांगतात तसा. चहाला आधण येईपर्यंत लागतो आणि तितक्याच वेळात निघतो. दुसऱ्याला स्वतःची लोखंडी चौकट होती. ती ट्रॅक्टरच्या पोटाखालून थेट पुढपर्यंत जाते आणि जागोजागी बोल्टनं आवळतात. बसवायला वेळ, काढायलाही वेळ.

मला दोघंही डोळ्यांत खुपत होते. पण त्यातल्या त्यात पहिला बरा वाटला. काम झालं की पिना काढायच्या आणि त्याला कोपऱ्यात उभा करायचा. निदान संध्याकाळी तरी ताई माझ्या एकटीच्या… छे, माझ्या एकट्याच्या! बघा, त्याचं नाव निघालं की मला नीट बोलताही येत नाही. ताईंनाही तोच पसंत पडला, कारण मला ओझं वाहायला मोकळं ठेवायचं होतं. विक्रेता म्हणाला, थोडे दिवस वापरून बघा, मग ठरवा.

पहिल्याच दिवशी माझा जीव जळला. बॅकहो चालवायचा म्हणजे त्याच्या स्वतःच्या सीटवर बसावं लागतं आणि त्याचं तोंड मागे असतं. ताई माझ्याकडे पाठ करून बसल्या. माझंच इंजिन धडधडत होतं, माझंच डिझेल जळत होतं, आणि कौतुक चाललं होतं त्याचं. "काय सुरेख वळतो हो," त्या यजमानांना म्हणाल्या. मी वर्षानुवर्षं वळत होतो, त्याचं काय?

त्याच आठवड्यात अंजिराचं काम आलं. दोन भावांनी घराची वाटणी केली होती. अंगणाच्या मधोमध भिंत घालायची होती, आणि बरोबर त्या रेषेवर आईनं लावलेलं अंजिराचं झाड उभं होतं. थोरला म्हणे, खोड माझ्या बाजूला आहे. धाकटा म्हणे, फांद्या माझ्याकडे आहेत. दोघंही एकमेकांना झाड मिळू द्यायला तयार नव्हते. शेवटी त्यांच्या बहिणीनं दोघांना गप्प केलं. झाड ती स्वतःच्या घरी नेणार होती. भावांनी ते मान्य केलं, कारण मग ते दुसऱ्याला तरी मिळणार नव्हतं. मला त्या दोघांचं मन अगदी नीट कळलं.

बोळ इतका अरुंद की माझे दोन्ही आरसे दुमडावे लागले. शिवणकामाला सुट्टी होती, म्हणून यजमान मदतीला आले होते. अर्ध्या बाजूचं खोदून झालं, मुळं गोणपाटात बांधून झाली. उरलेल्या बाजूला एक मूळ मांडीएवढं जाड निघालं. ताईंनी बादलीचे दात त्याखाली घातले आणि दांडा ओढला. मूळ हललं नाही. माझ्या मागच्या जोडांवर असा ताण आला की जोडाचा एक लोखंडी हात वाकला, वरची पिन निसटली, आणि तो आख्खा बॅकहो मूळ सोडून स्वतःच वर उचलला गेला. आपल्या सीटसकट, सीटवरच्या ताईंसकट, तो माझ्या अंगावर दुमडत आला.

ताई त्याच्या आणि माझ्या मध्ये सापडल्या. माझ्या सीटची पाठ त्यांच्या पाठीत रुतली. त्यांना ओरडताही येत नव्हतं, श्वासच कोंडला होता. मी काय करणार? मला तर थांबायचं म्हटलं तरी कुणीतरी थांबवावं लागतं.

जो माणूस माझ्याजवळून अंग चोरून जायचा, तो माझ्यावर चढला. चावी कुठे आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. दिसेल ते ओढत, दाबत गेले आणि एकदाचं माझं इंजिन बंद पडलं. मग दोन्ही भाऊ धावले. एकमेकांशी न बोलणारे ते दोघे एकाच पहारीला लोंबकळले आणि त्या लोखंडाला मागे रेटलं. ताई बाहेर आल्या. पाठीवर निळा वळ, बाकी ठीक.

तो बॅकहो परत गेला. खरं सांगतो, मला त्याचा आनंद झाला. पण अंजीर अर्धं मातीत, अर्धं गोणपाटात तसंच उभं होतं. बहीण सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायची. पानं मात्र माना टाकायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून ताईंचा आवाज आला. त्या म्हणत होत्या की पिन जुनी होती म्हणून हे झालं, नवी जाड पिन घालून तोच परत आणू, झाड फार थांबणार नाही. शिवणयंत्र थांबलं.

"कापड नुसतं टाचलं आणि ओढलं, तर काय होतं?" यजमानांनी विचारलं.

"उसवतं."

"मग ते तीन ठिकाणी टाचलेलंच होतं की. टाचणी जाड घेतलीस म्हणून ती शिवण होत नाही. तो दुसरा बघ. त्याला खालून सगळं अस्तर आहे. ओढ एका जागी बसणार नाही."

"त्याला काढायला अर्धा दिवस जातो हो."

"जाऊ दे. मी काढीन."

ताई हसल्या असाव्यात, कारण यजमान जरा चिडून म्हणाले, "हसू नकोस. मला तुझ्याकडे बघत बघत म्हातारं व्हायचंय. शिकवलंस तर बोल्टही काढीन."

असा दुसरा आला. थोराड, गुळगुळीत. त्याची चौकट माझ्या पोटाखालून गेली आणि माझ्या अंगाला जागोजागी आवळली गेली. म्हणजे आता तो संध्याकाळीही कोपऱ्यात जाणार नव्हता. झोपेतही माझ्या पाठीवरच. त्याहून वाईट पुढे आहे. त्यानं मान दुमडून घेतली तेव्हा ताई कौतुकानं म्हणाल्या, "अगदी बगळा दिसतो!" झालं, तो बगळा. मी इतकी वर्षं राबलो, मला नुसतं ट्रॅक्टर म्हणतात.

आम्ही पुन्हा त्या बोळात गेलो. यजमान चावीवर हात ठेवूनच उभे होते. बगळ्यानं त्याच मुळाखाली दात घातले. ताण आला, पण या वेळी तो माझ्या एका जोडावर आला नाही. पोटाखालून, पुढच्या चाकांपर्यंत, सगळ्या अंगात वाटला गेला. मी जमिनीला घट्ट धरून उभा राहिलो. मूळ कडाडलं आणि सुटलं.

झाड मीच उचललं, हे लक्षात असू द्या. रस्त्यानं माझ्या बादलीत उभं राहून अंजीर बहिणीच्या घरी गेलं, आणि मागून दोन्ही भाऊ चालत आले, एकमेकांशी न बोलता, पण एकाच बाजूनं. बहिणीच्या दारात ते झाड लागलं. काही दिवसांनी त्याला नवी पालवी आल्याचं कळलं. ताईंना सांगायला बहीण घरी आली, शेडमध्ये डोकावली आणि तिनं कुणाच्या अंगावरून हात फिरवला असेल? बगळ्याच्या.

मध्ये कोरडे दिवस आले, झाडं हलवायचा हंगाम संपला. यजमानांनी खरोखरच बोल्ट काढायला शिकून घेतलं होतं. बगळ्याला लाकडी ठोकळ्यांवर उतरवलं आणि मी मोकळा झालो. ताई पूर्वीसारख्या माझ्या सीटवर बसल्या. मी खुशीत पुढची बादली मातीनं भरून उचलली, तर माझी मागची चाकंच जमिनीवरून सुटली! त्याचं वजन मागे असायचं म्हणून मी पुढे एवढं उचलत होतो म्हणे. हे ताई म्हणाल्या. मी मान्य केलेलं नाही.

आणि मग एक रोपवाटिकावाला आला. स्वतःच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरवर बसून. त्याचा ट्रॅक्टर माझ्याच उंचीचा, पण रंग असा की त्यात तोंड बघावं. तो सरळ बगळ्यापाशी गेला, त्याचं कोपर चाचपलं, आणि पुढच्या हंगामापर्यंत हा मला द्या म्हणाला. नुसता पडूनच तर आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो चकचकीत ट्रॅक्टर बगळ्याकडे असा बघत होता की मला वाटलं, आत्ताच्या आत्ता सुरू व्हावं आणि त्याच्या रंगाला चांगला ओरखडा काढावा. उद्या बगळा त्याच्या पाठीवर बसणार? त्याच्या डिझेलवर खोदणार? ज्याला माझ्या अंगातला प्रत्येक ताण माहीत आहे, तो?

ताई विचारात पडल्या. नाही म्हणणं त्यांना जड जातं. तेवढ्यात यजमान बाहेर आले, दातांत सुई, गळ्यात टेप. त्यांनी सुई काढून शर्टाला खोचली.

"नाही बसणार," ते म्हणाले.

"बसवून तर बघू," रोपवाटिकावाला म्हणाला.

"दुसऱ्याच्या मापाचा कोट आहे हो तो. चौकट या आमच्या ट्रॅक्टरच्या अंगावरून बेतलेली आहे. तुमच्या ट्रॅक्टरला एकही भोक जुळायचं नाही."

रोपवाटिकावाला निघून गेला. मी एकटक बगळ्याकडे बघत राहिलो. तो मान दुमडून ठोकळ्यांवर उभा होता. माझ्या मापाचा.

आता पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा माझ्यावर चढवणार आहेत. ताई परत माझ्याकडे पाठ करतील, लोक परत त्याच्याच दातांचं कौतुक करतील, आणि मी परत जळणार आहे, त्यात बदल नाही. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या अंगणातलं एखादं झाड हलवायचं असेल, तर खुशाल ताईंना निरोप धाडा. पण निरोपात नुसता बगळा मागू नका. आम्हा दोघांना बोलवा.