कार्डाला सोबत लागते

इत्सुको मोरिवाकीने आयुष्याची अडतीस वर्षं उलट्या तोंडाने प्रवास केला. तोत्तोरीतल्या एका बस कंपनीत ती गाईड होती. ड्रायव्हरशेजारी उभं राहायचं, पाठ रस्त्याकडे, तोंड प्रवाशांकडे, आणि डावीकडे काय, उजवीकडे काय ते मागे वळून न बघता सांगायचं. त्या उभ्या नोकरीचा राग तिच्या उजव्या खुब्याने निवृत्तीनंतर काढला. त्र्याहत्तराव्या वर्षी हातात चार पायांची काठी आली आणि कोपऱ्यावरच्या टपाल ऑफिसात जातानाही दोनदा थांबावं लागू लागलं.

शेवटी तिचा भाचा शिगेतो तिच्या मागे लागला. हा एक्केचाळीस वर्षांचा, लग्न न झालेला, शेतीच्या अवजारांच्या दुकानात काम करणारा आणि नाकासमोर चालणारा माणूस.

"आत्या, अपंगांच्या पार्किंगचं परमिट काढून घेऊ या."

"मी? अरे, अख्ख्या गावाला मी बसमधून फिरवलंय. आता आरशाला पाटी टांगून दवंडी पिटू, की इत्सुकोचं इंजिन बसलं म्हणून?"

"पाटी माझ्या गाडीच्या आरशाला टांगायचीय. लाज मला वाटू दे."

लाज दुसऱ्याला वाटणार म्हटल्यावर तिची हरकत उरली नाही. ती त्याच्याबरोबर गेली.

नगरपालिकेत खिडकीमागे एक कोवळी मुलगी होती. डॉक्टरांचा दाखला वाचून तिने संकोचत विचारलं, "आजी, न थांबता साधारण किती मीटर चालता येतं?"

"कुठे जायला?"

"म्हणजे?"

"मासळीबाजारात जायचं असेल तर ऐंशी. दवाखान्यात जायचं असेल तर वीससुद्धा जमत नाहीत."

मुलीने क्षणभर विचार केला आणि वीस लिहिले. कार्ड हातात देताना ती म्हणाली, "हे गाडीचं नाही, तुमचं आहे. कुणाच्याही गाडीत चालेल. फक्त त्या गाडीत तुम्ही असायला हव्यात."

ही गोष्ट गल्लीत पसरायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या तोकिएबाई दारात हजर. शेजारी राहायला आल्यापासून तीन वर्षांत त्यांनी इत्सुकोला कधी कोपऱ्यापर्यंतही नेलं नव्हतं.

"इत्सुकोताई, उद्या मॉलला येता का? घरात बसून कंटाळला असाल."

इत्सुकोला मनापासून आनंद झाला. तिने लिपस्टिक लावली, नवा स्कार्फ काढला. मॉलच्या अगदी दारात गाडी लागली. ती काठी सरसावणार, तोच तोकिएबाईंनी तिच्या हातात गरम चहाचा सीलबंद कॅन ठेवला. "तुम्ही कशाला त्रास घेता? बसा आरामात. मी आलेच."

हे 'आलेच' एक तास चाळीस मिनिटं चाललं. चहा पिऊन झाला, कॅनवरची बारीक अक्षरं वाचून झाली, मग इत्सुको येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला बघत बसली. परतताना टॉयलेट पेपरचे सहा गठ्ठे तिच्या मांडीवर आले, कारण मागे जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात तोकिएबाई पुन्हा आल्या. "तुम्हाला बरं नसेल तर नुसतं कार्ड दिलंत तरी चालेल हो."

"नाही चालणार. कार्डाला सोबत लागते. एकटं सोडलं की रडतं."

तोकिएबाई नाक मुरडून गेल्या. दार लावल्यावर मात्र इत्सुकोचं हसू मावळलं. मॉलला जायला आपण किती आतुर झालो होतो, ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

नोव्हेंबरात शिगेतो आला तो केस कापून.

"आत्या, रविवारी बंदरावर खेकड्यांची जत्रा आहे. तुला आवडतात ना खेकडे?"

"कोण आहे ती?"

"कोण?"

"मानेवरचे केस काढलेस. खेकडे काही मान बघत नाहीत."

शिगेतो कानापर्यंत लाल झाला. तिचं नाव चिनामी. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. गेल्या वर्षी जत्रेत त्याने जागेसाठी दोन तास घिरट्या घातल्या होत्या. पहिल्याच भेटीत चिनामीला तसं फिरवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"म्हणजे मी आले की गाडी थेट दारात."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. येते मी. पण गाडीत बसून राहणार नाही. जिथे तुम्ही, तिथे मी. आणि सगळे चालतील माझ्या चालीने."

शिगेतोने गरम घास तोंडात अडकल्यासारखी मान हलवली.

रविवारी चिनामीने आग्रह करून आत्याला पुढे बसवलं. मोठीच चूक. इत्सुको खुबा सांभाळत मागे वळून बसली आणि सुरू झाली. "डावीकडे पाहा, पूल. त्या पुलाखाली शिगेतो दुसरीत असताना मासा चावला म्हणून तासभर रडला."

"आत्या!"

"चालत्या गाडीत ड्रायव्हरने बोलू नये."

चिनामी हसून हसून खिडकीला टेकली.

बंदरावर गाड्यांची लांबच लांब रांग होती. कार्ड पाहून रखवालदाराने त्यांना पुढे सोडलं. राखीव जागा दोनच. एकीत व्हीलचेअरची गाडी होती. दुसरीत मोठी काळी गाडी, कार्ड नाही, आणि आत काळा चष्मा लावलेला धडधाकट माणूस तळलेलं स्क्विड खात बसलेला.

"जाऊ दे आत्या, आपण रांगेत..." शिगेतो पुटपुटला. तोवर आत्या खाली उतरून काच वाजवत होती.

"साहेब, कार्ड दिसत नाही तुमचं."

"दोनच मिनिटं. बायको आत गेलीय."

"बरं. दोन मिनिटांत गाडी बाहेर निघते. मी मदत करते."

ती गाडीच्या मागे, जरा बाजूला जाऊन उभी राहिली. काठी डाव्या हातात, उजवा हात उंच, आणि बस मागे घेताना गाईड देते ती हाक. "ओराय! ओराय! येऊ द्या मागे!"

पंचेचाळीस सीटच्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज बर्फाच्या गोदामापर्यंत गेला. रांगेतल्या गाड्यांमधून डोकी बाहेर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काळ्या चष्म्याने स्क्विड खाली ठेवलं आणि मुकाट गिअर टाकला.

"ओराय! थोडं उजवीकडे! शाब्बास! आमच्या बसने प्रवास केल्याबद्दल आभारी आहोत!" आणि तिने खुबा परवानगी देईल तेवढं वाकून त्याला निरोप दिला.

मग जत्रा. शिगेतो पुढे जायचा, परत यायचा, पुन्हा पुढे जायचा. चिनामी मात्र आत्याच्या बरोबरीने चालत होती. "मला बरं वाटतंय असं. दवाखान्यात दिवसभर पळापळच असते." आत्या दमून जिथे जिथे थांबायची, तिथे कुठला ना कुठला ठेला असायचाच. त्यामुळे तिघांनी सगळं चाखलं. खेकड्याचं मिसो सूप शिगेतोने शर्टावर सांडलं आणि पुसता पुसता एकदम म्हणाला, "मासा मोठा होता. आत्या ते कधीच सांगत नाही." इत्सुकोने त्याला इतकं मोकळं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

परतताना खुब्यात कळ आली. ती मासळीच्या पालथ्या खोक्यावर बसली. चिनामीसमोर असं बसावं लागलं म्हणून तिचं तोंड कडू झालं. गाडी चाळीस पावलांवर दिसत होती. साध्या पार्किंगमधली शेवटची गाडी कुठे उभी आहे, ते मात्र तिथून दिसतही नव्हतं. तिथून चालत यायचं असतं, तर ती आज घरीच बसली असती. आरशाला लटकणारं ते कार्ड तिने बराच वेळ पाहिलं. मग उठली आणि चाळीस पावलं दोन टप्प्यांत चालली.

बुधवारी फोन आला. चिनामीचा.

"आत्या, या रविवारी याल का? समुद्राकाठी गरम पाण्याची कुंडं आहेत. खुब्याला बरं वाटेल."

"तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही वाटतं?"

"हवी तेवढी मिळते. कुणी येतच नाही तिकडे."

इत्सुकोने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं, येते," ती हळूच म्हणाली.

शिगेतो स्वयंपाकघरात तिचा गळका नळ काढून नवा बसवत होता. त्याने डोकं बाहेर काढलं. "चिनामीचा आवाज होता ना? मला बोलावलंय?"

"मला बोलावलंय," इत्सुको म्हणाली. "तू नळ बसव."