दिवेलागणीची पावलं

मी वासा बोलतोय. या घराच्या कौलांखालचा, जिन्याकडून तिसरा. मान वर करून माझ्याकडे कुणी बघत नाही. बघितलंच, तर जळमटं काढायची म्हणून.

सुतारानं माझं वरचं टोक आढ्याला टेकवलं आणि खालचं भिंतीवर. समोरच्या भिंतीवरून माझा जोडीदार तसाच वर आला. कौलांचं ओझं पडलं की आम्हा दोघांचे पाय बाहेर सरकू बघतात, भिंतींना ढकलतात. म्हणून खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी तुळई टाकतात. ती आमचे पाय धरून ठेवते.

आमचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे. माळ्यावर त्यांनी कामाचं टेबल मांडलं आणि येता-जाता तुळईवर डोकं आपटून घेऊ लागले. एका रविवारी वैतागून त्यांनी ती करवतीनं कापून काढली.

"आता कसं ताठ चालता येतं," ते म्हणाले.

"सुताराला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?" बायको खालून म्हणाली.

बिघडलेलं लगेच दिसलं नाही. मालक पुढे कितीतरी वर्षं ताठ चालले, आणि एका हिवाळ्यात गेले.

त्यानंतर मी करकरू लागलो. दिवसभर तापलेली कौलं दिवेलागणीला निवतात, तसे आम्ही वासे एकामागून एक आवाज करतो, जिन्याकडून खिडकीकडे. खाली वाटावं, कुणीतरी टेबलापर्यंत चालत गेलं. भाजी चिरता चिरता मालकिणीची सुरी थांबायची.

"आलात? आज गुडघा फार ठणकला बघा."

मी पुन्हा करकरलो की तिला ते उत्तर वाटायचं. मला मात्र धास्ती बसली होती. माझा पाय भिंतीवरून सरकत चालला होता, आणि तिची खाट बरोबर माझ्याखाली होती.

मग लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. भिंतीतली भेग बघून तिनं सुताराला बोलावलं.

"काकू, भिंत बाहेर कलतेय. तुळई कुणी कापली?"

"ह्यांनी."

"म्हणून छप्पर करकरतं. नवी बसवली की आवाज बंद."

"म्हणजे आवाज ह्यांच्यामुळेच येतो?"

"त्यांच्यामुळेच."

"ऐकलंस ना आई?" लेक म्हणाली. "वर कुणी नाही."

आईनं वेगळंच ऐकलं होतं. खाली बाळ रडलं, तेव्हा ती म्हणाली, "बसवा उद्या."

त्या संध्याकाळी गुडघे धरत ती माळ्यावर आली. माझ्यावर तळवा ठेवला.

"बाळ झोपतं खाली," ती म्हणाली. "तुम्ही निघा आता."

मी करकरलो. ती रडली, आणि मला पहिल्यांदाच लाकूड असल्याचं वाईट वाटलं.

तुमचं छप्पर करकरलं, तर सुताराला जरूर बोलवा. पण त्या आवाजाशी घरात कुणी बोलत असेल, तर त्याला एक संध्याकाळ आधी सांगा.

आता नवी तुळई आहे. बाळ निवांत झोपतं. दिवेलागणीला कौलं निवतात, सुरी थांबते आणि ती मान वर करून माझ्याकडे बघत राहते. मी अंगातला सगळा जोर लावतो. पण सुतारानं काम चोख केलंय.