कनेला घळीत थांबली तेव्हा

मी एक म्हातारं खेचर आहे. मादी आहे, नाव कनेला. आई घोडी आणि बाप गाढव. सोनोराच्या कोरड्या डोंगरांत माझा जन्म झाला. मित्रांनो, तिथे सावली थोडी आणि काटे फार.

माझा मालक एलेउतेरिओ याने मला लहानपणापासून शिकवलं. शिकाऱ्यांना डोंगरात नेऊन हरणं दाखवणं हा त्याचा धंदा. मी त्यांचं पाणी, पीठ आणि बंदुका वाहायची, परतताना मारलेलं हरीणही. बंदुकीच्या आवाजाला मी कधी बिचकले नाही. तो पाहुण्यांना सांगायचा, "ही थांबली की मीही थांबतो." ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग एका हिवाळ्यात पाहुणे मागून पाहुणे रिकाम्या हातांनी परतले. एलेउतेरिओचा मेहुणा चानो अंगणात कॉफी पीत चिडवू लागला. "काय दाजी, हरणं तुम्हाला बघून लपतात, का तुम्हीच हरणांना बघून लपता?"

सगळे हसले. एलेउतेरिओ हसला नाही. त्याने माझ्या खोगिराचा पट्टा इतका आवळला की मला श्वास घेता येईना.

त्या दिवशी देशाच्या सीमेपलीकडून आलेले रसेल नावाचे म्हातारे शिकारी बरोबर होते. दुपारी त्यांनी कड्यावरून एका मोठ्या नर हरणावर गोळी झाडली. हरीण कोसळलं, पुन्हा उठलं आणि मागचा पाय ओढत खालच्या घळीत शिरलं. आम्ही रक्ताच्या थेंबांमागे निघालो. वर गिधाडं फिरू लागली होती. घळीत एकही पाखरू बोलत नव्हतं.

कड्याच्या अंगाने एक अरुंद वाट खाली जात होती. मी तिच्यावर खूर ठेवला आणि खालची जमीन पोकळ वाजली. मी थांबले.

"चल गं," एलेउतेरिओ म्हणाला.

मी हलले नाही.

"अरे, ही थांबली की थांबायचं, असं तूच म्हणतोस ना?" रसेल म्हणाले. "फिरू या मागे. दुसरी वाट बघू."

"दुसऱ्या वाटेने अंधार पडेल, साहेब. जखमी जनावर असं टाकून जायचं? आणि घरी काय तोंड दाखवू?"

त्याने माझ्या दोराचं टोक माझ्या तोंडावर हाणलं. त्याआधी त्याने मला कधीच मारलं नव्हतं. मग दोर हाताला गुंडाळून तो उलट्या पावलांनी चालत मला ओढू लागला.

आधी थोडे खडे घरंगळले. मग त्याच्या पायाखालची वाटच खाली गेली.

तो माझ्या दोराला लटकला. त्याच्या वजनाने माझी मान खाली ओढली गेली, जबड्यात कळ उठली. मी पुढचे पाय रोवून मागच्या पायांवर बसले.

"मागे, कनेला! मागे, बाई!" रसेल ओरडले आणि त्यांनीही दोर धरला. मी इंच इंच मागे सरकले. एलेउतेरिओ वर आला, पण दोराने त्याची दोन बोटं तोडली होती.

रसेलनी स्वतःचा सदरा फाडून त्याचा हात बांधला. आम्ही निघालो तेव्हा खालून हरणाचं कण्हणं ऐकू आलं. दोघे क्षणभर उभे राहिले. मग चालू लागले.

त्यानंतर एलेउतेरिओ डोंगरात गेला नाही. चानोने तो धंदा हाती घेतला आणि नवं, तरुण खेचर आणलं. मी कुंपणाआड राहिले. एलेउतेरिओची बायको आम्पारो चारा टाकायची, पण माझे खूर वाढून वाकडे झाले आणि चालणं नकोसं झालं. एलेउतेरिओ जवळून जाताना तोंड फिरवायचा. मला वाटे, मी थांबले म्हणून तो रागावलाय.

एका दुपारी आम्पारोचा आवाज चढला. "अहो, तिचे खूर तरी बघा! तिने काय पाप केलंय?"

तो आला. माझा पाय गुडघ्यांत धरून डाव्या हाताने खूर घासू लागला. कानस सारखी निसटत होती.

"तुझ्यावर राग नाही गं," तो म्हणाला. "तुला बघितलं की ते हरीण ऐकू येतं."

मलाही ऐकू येतं. पण मला ते सांगता येत नाही.

आजही चानो त्याच घळीकडे गेलाय. त्याचं नवं खेचर ओढलं तिकडे जातं. ते अजून थांबायला शिकलेलं नाही.

मित्रांनो, तुमचं ओझं वाहणारं जनावर वाटेत थांबलं, तर हात उगारण्याआधी पुढची जमीन बघा. आणि तुमच्या मनाला काही टोचत असेल, तर त्यापायी आमच्याकडे पाठ फिरवू नका. तुम्ही तोंड लपवता तेव्हाही आमचे खूर वाढतच असतात.