पिछाडीचे नरसोपंत

"थांबा! हीच बघा ती जागा." गहिनीनाथ मास्तरांनी काठी वर केली आणि मागची चौदा माणसं धापा टाकत उभी राहिली. "हितं आमचे एक शामराव म्हनून हुते, ते चुकले. एकेचाळीस सालची गोष्ट. सर्व्हे कचेरीत नकाशे काढायचे, आन सोताच वाट चुकले! समूर ही एवढी बाभळीची फांदी आडवी पडल्याली, तरी गेले सरळ खाणीत. पाय मोडून बसले. तवा डोळे उघडे ठिऊन चालायचं, काय?"

नव्याने आलेले दोघे तिघे खो खो हसले. एकजण म्हणाला, "नकाशेवाल्याला फांदी दिसेना, मग नगर जिल्ह्याचं कठीणच आहे!" त्यावर मास्तरही हसले.

सगळ्यांच्या मागे उभे असलेले नरसोपंत तेवढे हसले नाहीत. गेली सहा वर्षं ही गोष्ट ते ऐकत होते. चांदबीबीच्या महालाकडे मंडळी निघाली की या फाट्यावर मास्तर थांबायचे आणि गोष्ट सांगायचे, आणि दरवेळी नरसोपंत खाली बघून पायातला नसलेला काटा काढत बसायचे. आजही ते वाकले. पण आज त्यांना वर उठवेना.

या मंडळींना गावात रिकामटेकड्यांचं मंडळ म्हणत. म्हणोत बापडे! कोर्टातले कारकून, दोन मास्तर, एक वकील, एक वैद्य, अशी ही बसून काम करणारी माणसं रविवारी उजाडताना दिल्ली दरवाजाशी जमत आणि दिवसभर पायी भटकून दिवेलागणीला परत येत. कधी सीनेच्या काठाने, कधी फराहबागेत, कधी भिंगारच्या नाल्यापलीकडच्या झाडीत. बेचाळीसनंतर किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी कैदेत होते त्या वर्षांत शिपाई हटकायचे, तरी लांबून वळसा घालून ही माणसं जायचीच. गहिनीनाथ मास्तर हायस्कुलात ड्रिल शिकवत. मूळचे पारनेरकडचे, शिस्तीला कडक. त्यांनी मंडळाला पलटणीसारखी आघाडी दिली, पिछाडी दिली आणि फांदीचा नियम दिला. वाट फुटली की आघाडीच्या माणसाने चुकीच्या वाटेवर बाभळीची फांदी आडवी टाकायची. ज्या वाटेवर फांदी नाही, ती आपली. सगळे पुढे गेले की पिछाडीच्या माणसाने ती उचलून बाजूला करायची, म्हणजे गुराख्यांची वाट अडत नाही.

पिछाडीला कायम नरसोपंत. कोर्टाच्या कागदांच्या नकला करणारा माणूस, एक ओळ सुटू द्यायचा नाही, म्हणून मास्तरांनी त्यांना ते काम दिलं होतं. आणि नरसोपंतांना त्याचा अभिमानही होता.

एकेचाळीसच्या मार्गशीर्षात घडलं ते एवढंच. या आडवाटेने मंडळी तेव्हा पहिल्यांदाच महालाकडे निघाली होती. मास्तरांचे ते शामराव म्हणजे नरसोपंतांचा बाळमित्र शामकांत, स्वभावाने रेंगाळणारा. एखादी विहीर दिसली की तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पावलं टाकून मोजायचा, ओढा कुठे वळतो ते टेकाडावर चढून बघायचा आणि रात्री घरी बसून सगळ्या वाटेचा नकाशा काढायचा. मंडळाच्या प्रत्येक रविवारचा असा एक नकाशा होता. त्या दिवशी ऊन लागलं म्हणून त्याने आपली छत्री म्हाताऱ्या वकिलांना दिली. फाट्यावर पोचलेल्या नरसोपंतांना ती छत्री पुढे झाडीआड जाताना दिसली. शाम गेला पुढे, असं त्यांनी धरलं. पोटात कावळे कोकलत होते, महालाच्या सावलीत पिठलं-भाकरी सोडायची होती. त्यांनी मोजदाद केली नाही. खाणीच्या रुंद वाटेवरची फांदी उचलली, झुडपात फेकली आणि झपाझपा निघाले.

पाऊण तासाने हाका ऐकू आल्या. शामला धोतरांच्या झोळीतून वर काढलं, तेव्हा मास्तर घामाने निथळत ओरडले, "नरसोपंत! फांदी हुती का न्हवती?"

अकरा माणसं त्यांच्याकडे बघत होती. नरसोपंतांनी मान हलवली. होती, अशी.

एवढीशी मान हलवायला कितीसा वेळ लागतो? पण ती मान त्यांना सहा वर्षांत सरळ करता आली नाही. उद्या सांगू, पाय जुळला की सांगू, दिवाळी होऊ दे मग सांगू. आणि शामने बिचाऱ्याने कुणाला दोष म्हणून दिला नाही. पाय आखडला तो आखडला. "पाय गेला तर गेला रे नरसू," अंथरुणात पडल्या पडल्या तो म्हणाला होता, "पण एवढी फांदी समोर असून मला दिसली नाही. माझे डोळे चाललेत."

नरसोपंत तेव्हाही गप्प बसले.

शामने पुण्याला जाऊन डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. शामचा विश्वास बसला नाही, डॉक्टर मन राखायला बोलतो म्हणाला. आपल्या हातून एखाद्या शेतकऱ्याचा बांध चुकीचा निघेल या धास्तीने त्याने साहेबाला अर्ज दिला आणि नकाशांचं टेबल सोडून आवक-जावकीच्या खुर्चीवर जाऊन बसला. घरचे नकाशेही बंद झाले. आणि आता, महिन्यापूर्वी, त्याच डॉक्टरने खरोखरीचा काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाला. तर शाम काय म्हणावा? "बघ, मी तेव्हाच ओळखलं होतं."

फाट्यावर वाकलेल्या नरसोपंतांच्या मनात हेच चाललं होतं. ते उठले ते महालाकडे गेलेच नाहीत. "पोटात दुखतंय" म्हणून तिथूनच माघारी फिरले.

तोफखाना आळीतल्या शामच्या घरी ते पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शाम ओसरीवर आरामखुर्चीत होता, दमयंतीबाई खाली तांदूळ निवडत होत्या.

"कोण? नरसू का?" पावलांच्या आवाजावरून शामने विचारलं. "आज रविवार ना? इतक्या लवकर कसा परतलास, लेका?"

"भावजी, चेहरा का असा उतरलाय?" दमयंतीबाई म्हणाल्या. "बसा, पाणी आणते."

"नको वहिनी. तुम्हीही बसा." नरसोपंत उभेच राहिले. वाटेत सगळी वाक्यं त्यांनी कोर्टातल्या अर्जासारखी जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. "शाम, ती फांदी नव्हती रे. मी उचलली होती. तुझी छत्री वकिलांच्या डोक्यावर होती, मला वाटलं तू पुढे गेलास. तू मागे होतास. तू आलास तेव्हा तिथे काही नव्हतं. आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा मी खोटी मान हलवली."

दमयंतीबाईंचा सुपातला हात थांबला.

"नव्हती?" शामने विचारलं.

"नव्हती."

"मी तिथे उभा राहून बघितलं होतं," शाम हळूहळू, एकेक शब्द चाचपत बोलू लागला. "रुंद वाट बघितली. म्हटलं, हिच्यावर फांदी नाही, म्हणजे हीच. चांगलं निरखून बघितलं होतं मी. नंतर तुम्ही सगळे म्हणालात होती, तर मला वाटलं..." तो थांबला. "म्हणजे तेव्हा मला दिसत होतं."

"सगळं दिसत होतं तुला," नरसोपंत म्हणाले.

"भावजी!" दमयंतीबाई ताडकन उठल्या. सूप कलंडलं, तांदूळ ओसरीभर झाले. "पाच वर्षं धडधाकट डोळे होते हो यांचे! पाच वर्षं! कागद पुढे ठेवला की हात मागे घ्यायचे. रेघ वाकडी जाईल म्हणायचे. मी म्हणायची, काढा हो, घरातच तर आहे, कोण बघतंय. तर नाही! आणि तुम्ही दर संक्रांतीला, दर दिवाळीला इथे बसून चहा पीत होतात!"

नरसोपंतांना वाटलं, शामने आता चपलेने मारावं. निदान त्या शाळेतल्या शिव्या तरी द्याव्यात. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शाम भिंतीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मास्तर अजून सांगतात ना ती गोष्ट?"

"सांगतात. आजच सांगितली."

"लोक हसतात?"

नरसोपंतांनी मोठ्या कष्टाने तोंड उघडलं. "हसतात."

"मग त्यांच्यापुढे सांगायचं. पुढच्या रविवारी. मी येईन ऐकायला."

तो आठवडा नरसोपंतांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. कोर्टात दोन नकला चुकल्या. बायको विचारून थकली. शनिवारी त्यांना खरोखरच ताप भरला, आणि बरं झालं, आता जाता येणार नाही, असं मनात आलं, त्याची त्यांना इतकी शरम वाटली की ते पहाटे सगळ्यांच्या आधी जाऊन दिल्ली दरवाजाशी उभे राहिले.

मंडळी जमली. शेवटी शाम आला. आखडलेला पाय ओढत, काठी टेकत, बाजूला दमयंतीबाई. अंगात कचेरीचा काळा कोट, डोक्याला धुतलेली टोपी. सहा वर्षांनी तो इथे आला होता. जुन्या माणसांनी "या, या शामराव" केलं आणि नवे एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

नरसोपंतांनी सगळं सांगितलं. छत्री, भूक, फांदी, मान. काही लपवलं नाही. सांगून झालं तेव्हा कुणी कुणाकडे बघेना.

"आरं देवा!" गहिनीनाथ मास्तर मटकन ओट्यावर बसले. मग उठले आणि शामसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "शामराव, लई वंगाळ झालं माज्या हातनं. सा वर्सं तुमच्या नावानं लोकं हसवली म्यां."

"तुमची काही चूक नाही मास्तर. तुम्हाला जे सांगितलं, ते तुम्ही सांगितलंत." शामने टोपी नीट केली. "फक्त आता गोष्ट सांगाल तेव्हा बरोबर सांगा. म्हणावं, त्या माणसाने थांबून नीट बघितलं होतं."

"व्हय. सांगतो. ऐकाया कुनी नसलं तरी दगडांना सांगीन."

शाम वळला. नरसोपंत धावत पुढे झाले, त्याचा हात धरायला गेले. "शाम, थांब. घरापर्यंत येतो मी. चल."

शामने हात झिडकारला नाही. नुसता हळूच सोडवून घेतला.

"नको, नरसोपंत," तो म्हणाला. "मंडळी खोळंबलीत. तुम्ही व्हा पुढे."

नरसोपंत जागच्या जागी उभे राहिले. मराठी पहिलीत एका बाकावर बसल्यापासून शामने त्यांना नरसू म्हटलं होतं, नरश्या म्हटलं होतं, गाढवा म्हटलं होतं. अहोजाहो आज पहिल्यांदा केलं होतं, आणि तेही किती अदबीने. परक्या माणसाला करावं तसं.

तिकडे दमयंतीबाई नवऱ्याच्या अर्धं पाऊल पुढे चालत होत्या. मागे न बघता त्या एकेक गोष्ट सांगत होत्या, आणि शाम मान खाली घालून तसं तसं पाऊल टाकत होता. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"दगड आहे. आता गटार, डावीकडून या. आता उतार. आता सरळ."