टोपलीभर तुती

मित्रांनो, एका पत्राला अकरा वर्षं उत्तर गेलं नाही आणि ते पत्र माझ्याविषयी होतं. मी एक जुनं फळं सुकवण्याचं यंत्र आहे. सहा जाळ्या, मागे पंखा, तापणारी तार आणि पुढे उष्णता कमीजास्त करायचं गोल बटण, एवढाच माझा संसार. माझ्याविषयी कुणी पत्र लिहावं असं माझ्यात काही नाही, हे मला मान्य आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते ताईंचं स्वयंपाकघर. ताई कपडे शिवायच्या आणि त्यांच्या परसात तुतीचं झाड होतं. तुती धुवून, फडक्यावर कोरडी करून त्या एकेक सुटी मांडायच्या आणि बटण सत्तावन्न अंशांवर ठेवायच्या. "घाई करायची नाही हं," असं मलाच बजावायच्या. सुकलेली फळं मग आठवडाभर काचेच्या बरणीत. बरणी रोज हलवायची आणि काचेला आतून दव दिसलं, तर फळं पुन्हा माझ्याकडे. शेजारीण म्हणायची, "तुमचं यंत्र म्हणजे गुणाचं लेकरू!" अशी चौदा वर्षं गेली.

मग घर विकावं लागलं. ताई लेकीकडे राहायला निघाल्या आणि नव्या मालकाने झाड तोडायचं ठरवलं. ताईंनी शेवटची टोपलीभर तुती उतरवली आणि तिच्यासकट मला धाकट्या भावाच्या हाती दिलं. "सुकव आणि अर्धी बरणी मला पाठव. या झाडाची आता एवढीच राहिली," त्या म्हणाल्या.

भाऊ पुस्तकांची मुद्रितं तपासायचे. दुसऱ्याची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्या दिवशी काम अंगावर आलं होतं आणि माझ्या पंख्याची घरघर त्यांना सहन होईना. सकाळी दहाला कामावरून उठून त्यांनी माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुपारपर्यंत तुती वरून कडक झाली, आत मात्र ओलीच होती. मला ते कळत होतं. पण तोंड कुठून आणू? भाऊंनी एक फळ दाबून पाहिलं, "झालं," म्हणाले आणि बरणी बंद करून संध्याकाळीच पाठवून दिली.

ताईंनी बरणी उघडली तेव्हा आत पांढरी बुरशी होती.

त्यांचा फोन आला. भाऊ मान खाली घालून म्हणाले, "ताई, तुझं यंत्रच मोडकं निघालं गं."

आठवड्याने पत्र आलं. भाऊंनी ते बायकोला वाचून दाखवलं. 'मोडकी वस्तू तुझ्या गळ्यात मारली, याची लाज वाटते. मला खरंच ठाऊक नव्हतं. रागावलास का? दोन ओळी तरी लिही.'

पत्र टेबलाच्या खणात गेलं आणि मी माळ्यावर.

मित्रांनो, माळ्यावर धूळ बसते, झुरळं येतात, त्याचं मला काही वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं. कदाचित माझी तारच कुठे जळली असेल. शेजारीण उगाच कौतुक करत असेल. खोटा आरोप करणारा विसरून जातो. ज्याच्यावर आरोप होतो तो मात्र रोज स्वतःला तपासत बसतो.

गेल्या महिन्यात ताईंची लेक आली. माळ्यावरून पेटी काढताना मी तिच्या हाती लागलो. तिने धूळ पुसून मला लावून पाहिलं. पंखा फिरला, तार तापली.

"मामा, हे तर चालतंय की!"

"तेव्हा चालत नव्हतं," भाऊ म्हणाले.

"आई अजून कुणाला काही द्यायचं म्हटलं की घाबरते. म्हणते, नको बाई, माझ्या हातून मोडकंच जाईल."

ती गेल्यावर भाऊंची बायको एवढंच म्हणाली, "खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात. त्याही दिवशी झाले होते."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मी वाट बघत होते. अकरा वर्षं लागतील असं वाटलं नव्हतं."

भाऊंनी आठ दिवस कागद फाडले. नवव्या दिवशी चार ओळी जमल्या. त्या माझ्यासोबत खोक्यात ठेवून ते पोस्टात आले.

मित्रांनो, आमची काळजी घ्या, पुसून ठेवा, हे तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं आहे. जे बोलू शकत नाही, त्याच्या माथी आपली चूक मारू नका. त्याने आमचंच नाही, आम्हाला देणाऱ्याचंही मन मोडतं. ताईंच्या जिभेला त्या झाडाची चव पुन्हा मिळणार नाही. ती चार ओळींनी परत येत नाही.

खिडकीतल्या कारकुनाने खोकं हलवलं. "आत काय आहे, काका?"

"यंत्र आहे. आणि एक उत्तर."

"मोडकंबिडकं नाही ना? मागाहून तक्रार चालणार नाही."

भाऊंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "यंत्र चांगलं आहे," ते जरा मोठ्याने म्हणाले, "पहिल्यापासून चांगलंच होतं. माझीच चूक होती."

"तुमची चूक कुठे लिहू मी? मोडकं आहे की नाही, तेवढं सांगा."

"नाही."

कारकुनाने शिक्का मारला.