इलेक्ट्रॉनला आवाज चालत नाही
चिराग सरांच्या मशीनमध्ये एक इलेक्ट्रॉन कोंडला होता, आणि तो सपनाच्या बांगड्यांमुळे बिथरतो, असं कंपनीने लेखी दिलं होतं.

बोईसर एमआयडीसीच्या मागच्या टोकाला, पाड्याच्या कुंपणाला लागून ही कंपनी. क्वांटम कॉम्प्युटर बनवायची. सर सांगायचे, साधा कॉम्प्युटर हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, हा इलेक्ट्रॉन दोन्ही एकदम म्हणतो. मात्र बाहेरच्या हादऱ्याची ऊर्जा त्याच्यात शिरली की सगळं विसरतो. सपना तिथे लादी पुसायची. तीन महिने मशीनने एकही उत्तर बरोबर दिलं नाही, तेव्हा सरांनी बांगड्या शोधून काढल्या. सपनाला काढलं. शिवाय ‘ही बाई मशीन बिघडवते’ ही कीर्ती बाकीच्या गेटांवरही पोचली. चार कंपन्यांच्या वॉचमननी तिला बाहेरूनच परत पाठवलं.

“बांगड्यांनी बिघडतो काय? मग त्याला लग्नच दाखवते,” सपना घरी येऊन म्हणाली.

पाड्यात जोडपी आधी संसार मांडतात, पोरं होतात, लग्न सवडीने लागतं. अशी सव्वीस लग्नं शिल्लक होती. सपनाने सुरुवात आपल्या आईबापापासून केली.

“या वयात?” बुधी लाजली.

“आये, तीस वर्सं झाली. बापूस आता पळून जायचा नाय.”

“मना कोणी विचारा तरी,” सुका म्हणाला.

“तू गप रे, नवरा हायस,” बुधी म्हणाली.

लग्नं लावणाऱ्या धवलेरीबाईने गाणी म्हणत लग्न लावलं, बेंजो कुंपणाला टेकून वाजला. मग आठवड्याला दोन लग्नं. नातवंडं आजोबांच्या वरातीत नाचली, कंपनीच्या काचा थरथरल्या. सपनाला गाढ झोप लागू लागली.

अकराव्या लग्नात मशीन चालवणारा ललित जेवायला आला.

“सपना, सर तुझ्यावर जाम खूश हायत.”

“खूश?”

“उत्तर चुकलं की पाड्याचं नाव लिहितात नि घरी जातात. मशीन तर तुमच्याविना पण चुकतंय. शुक्रवारी दुपारी मुंबईचे पाहुणे येतायत, पैसे लावायला. त्या वेळी लग्न ठेव, असा निरोप हाय. बेंजोवाल्यांना चहा कंपनीकडून.”

सपनाचा घास हातातच राहिला. अकरा लग्नं लावून ती वैऱ्याच्याच वरातीत नाचली होती.

तिने शुक्रवारचं लग्न ठरवलं. आणि त्या सकाळी नवरा-नवरी, बेंजो, कुत्री, कोंबडे, सगळा पाडा टेम्पोंत भरून मासवणला नदीवर धाडला. एक बकरी टेम्पोत चढेना. तिला पाला चारत सपना कुंपणापाशी बसली.

ललितने खिडकी उघडी ठेवली होती. पाहुण्यांनी मशीनला पंधराचे अवयव विचारले. मशीनने बराच विचार करून सांगितलं, चार आणि सहा.

“बाहेर लग्न चालू आहे ना,” सर सवयीने म्हणाले.

सगळे ऐकू लागले. पानसुद्धा हललं नाही.

“कुठे?” पाहुण्यांनी विचारलं.

सर धावत कुंपणाशी आले. “सपना! बेंजो कुठाय?”

“मासवणला.”

“मग तू तरी ओरड काहीतरी!”

सपनाने बकरीला आणखी पाला दिला. मागून पाहुणे आले, वॉचमनही आला.

“मशीन बिघडवते ती बाई मीच,” सपना पाहुण्यांना हळू आवाजात म्हणाली. “सकाळपासून हितं बसलीय. हलली पण नाय.”

“तुमचं मशीनच चालत नाही,” पाहुणे सरांना म्हणाले आणि गाडीकडे निघाले. वॉचमनने मोबाइल काढला. बाकीच्या गेटांना कळायला फार वेळ लागणार नव्हता.

सर एकटे उरले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्यांची नजर हळूहळू बकरीवर येऊन थांबली.